मेंदूचा स्पेक्ट स्कॅन आणि पक्षाघात : काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे. मेंदूचा स्पेक्ट म्हणजे शिरेतून थोडं किरणोत्सर्गी औषध टोचून, मेंदूच्या कुठल्या भागात किती रक्त पोचतं याचं चित्र काढणं. मेंदूच्या स्कॅनसाठी येणारे नातेवाईक साधारण तेच ते प्रश्न विचारतात, आणि ते बरोबरच असतात. काउंटरवर उभ्या उभ्या उत्तर नीट देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिलं आहे. उपचार काय घ्यायचा हे तुमचे न्यूरोलॉजिस्ट ठरवतील. स्कॅन काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढंच माझं काम.

बाबांच्या अंगावरून वारं गेलंय. आधी हा स्कॅन करून घेऊ का?

नाही. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडी वळली, की १०८ ला फोन करा आणि जिथे चोवीस तास सीटी स्कॅन आणि न्यूरोलॉजिस्ट आहेत अशा रुग्णालयात न्या. लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ कागदावर लिहून ठेवा. झोपेतून उठल्यावर कळलं असेल, तर माणूस शेवटचा धड कधी दिसला होता ती वेळ लिहा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर काही निवडक रुग्णांमध्ये २४ तासांपर्यंत तारेने गुठळी ओढून काढता येते. रक्तस्राव आहे की गुठळी, हे पहिल्या दहा मिनिटांत साधं सीटी सांगतं. आमचा स्कॅन ते सांगत नाही. औषध तयार करण्यापासून चित्र हातात येईपर्यंत आम्हाला दोन-तीन तास लागतात, आणि तेवढ्यात मेंदूचा जो भाग वाचवायचा तोच गेलेला असतो. कबुतराचं रक्त चोळणं, मांत्रिकाकडे नेणं यांतही तेच तास जातात.

मग हा स्कॅन लागतो कधी?

झटका येऊन गेल्यावर, किंवा मोठा झटका यायच्या आधी. मानेतली कॅरोटिड धमनी पूर्ण बंद आहे किंवा फार अरुंद झाली आहे, आणि माणसाला अधूनमधून दहा मिनिटं हात लुळा पडून परत बरं वाटतं. उभं राहिलं की एका बाजूचा हात थरथरतो. किंवा मोयामोया आजार आहे, ज्यात मेंदूच्या तळाच्या धमन्या हळूहळू बंद होतात. किंवा शस्त्रक्रियेत धमनी कायमची बंद करावी लागणार आहे, तर मेंदूला ते झेपेल का हे आधी बघायचं आहे. या सगळ्यांत डॉक्टरांना एकच गोष्ट हवी असते : या मेंदूच्या रक्तपुरवठ्यात राखीव किती शिल्लक आहे?

सीटी झालं, एमआरआय झालं, अँजिओही झाली. त्यात दिसत नाही असं यात काय दिसतं?

अँजिओग्राफीत पाइप दिसतात. पाइपमधून पुढे पेशीपर्यंत किती रक्त पोचतं, हे आम्ही बघतो. धमनी शंभर टक्के बंद असूनही मेंदू ठणठणीत असलेले लोक मी पाहिले आहेत, कारण दुसऱ्या बाजूने, मागून, डोळ्याच्या धमनीतून आडवाटेने रक्त पोचत असतं. उलट, ७० टक्के अरुंद धमनीवाल्याची अवस्था जास्त नाजूक असू शकते.

आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. निरोगी मेंदूत दर १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त जातं. ते २० च्या खाली आलं की पेशी काम थांबवते आणि हात हलत नाही, पण पेशी जिवंत असते. १० च्या आसपास किंवा खाली गेलं की ती मरायला लागते. १० आणि २० यांच्या मधल्या पट्ट्याला डॉक्टर पेनम्ब्रा म्हणतात : काम बंद, पण जीव शाबूत.

त्याआधीही एक पायरी असते. रक्त कमी येतंय म्हटल्यावर मेंदू आपल्या बारीक रक्तवाहिन्या सैल करतो आणि प्रवाह टिकवतो. त्या पूर्ण सैल झाल्या की आलेल्या रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढतो. एरवी तो सुमारे ४० टक्के ऑक्सिजन घेतो, अडचणीत तो त्याहून बराच जास्त घेतो. ज्याँ-क्लोद बारों या फ्रेंच न्यूरोलॉजिस्टने १९८१ मध्ये या अवस्थेला ‘मिझरी परफ्यूजन’ हे नाव दिलं. आपल्याकडे म्हणतात तसं, घरात असलेलं-नसलेलं सगळं काढून महिना भागवणं. बाहेरून घर नीट चाललेलं दिसतं, पण हाताशी काही उरलेलं नसतं.

‘अणु’ म्हटलं की भीती वाटते. नक्की काय टोचता?

टेक्नेशियम-९९एम, एक किरणोत्सर्गी द्रव्य. ते आमच्याकडे एका जनरेटरमधून निघतं. त्यात मॉलिब्डेनम-९९ असतं, त्याचं अर्धायुष्य ६६ तास, म्हणजे तेवढ्या वेळात ते निम्मं होतं. त्यातून सतत टेक्नेशियम तयार होत राहतं आणि आम्ही रोज सकाळी सलाइन घालून ते काढतो. आमच्या धंद्यात याला सरळ ‘दूध काढणं’ म्हणतात आणि जनरेटरला ‘गाय’. सोमवारी गाय भरपूर देते, शुक्रवारी आटलेली असते. म्हणून आठवड्याच्या शेवटी आम्ही तारीख देताना का-कू करतो, त्यात आळस नसतो.

हे टेक्नेशियम एचएमपीएओ किंवा ईसीडी नावाच्या औषधाला जोडतात. मेंदूभोवती जो पहारा असतो, तो भलत्यासलत्या गोष्टी आत सोडत नाही. ही औषधं तेलात विरघळणारी असल्यामुळे पहिल्याच फेरीत आत शिरतात, आणि पेशीत गेल्यावर त्यांचं रूप बदलतं, मग परत बाहेर पडता येत नाही. टोचलेल्यापैकी जेमतेम ५ टक्के मेंदूत पोचतं, पण तेवढं पुरतं. गंमत अशी की पहिल्या एक-दोन मिनिटांत जिथे जितकं रक्त होतं तिथे तितकं औषध अडकतं आणि तसंच राहतं. म्हणजे चित्र तासा-दीड तासाने काढलं तरी ते टोचण्याच्या क्षणाचं असतं.

यावरून एक सांगते. साधं एचएमपीएओ तयार केल्यापासून अर्ध्या तासात टोचावं लागतं, नंतर ते बिघडतं. आम्ही बाटलीत टेक्नेशियम घातलं, घड्याळ लावलं, आणि पेशंट नेमका तेव्हाच ‘चहा घेऊन येतो’ म्हणून खाली कँटीनला गेलेला असतो. त्या दिवशीची बाटली वाया.

डॉक्टरांनी ‘डायमॉक्स टेस्ट’ लिहिलीय. ही गोळी तर लेह-लडाखला जाताना घेतात ना?

तीच. ॲसिटाझोलामाइड. काचबिंदूलाही देतात. इथे मात्र प्रौढ माणसाला साधारण १ ग्रॅम शिरेतून देतात, आणि १५-२० मिनिटांनी आमचं औषध टोचतात.

हे समजायला जुन्या चाळीतला नळ डोळ्यासमोर आणा. दुपारी एकटा माणूस नळ सोडतो तेव्हा वरच्या मजल्यावरही पाणी बरं येतं. त्यावरून पाइप चांगला आहे असं म्हणता येत नाही. सकाळी सातला सगळ्यांनी एकदम नळ सोडले की खरं काय ते कळतं. खालच्या मजल्यावर धो धो, आणि वर नुसतं फुस्स. डायमॉक्स म्हणजे मेंदूतले सगळे नळ एकदम सोडणं. ते मेंदूत कार्बन डायऑक्साइड वाढवतं, त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि निरोगी भागात प्रवाह साधारण ३० ते ५० टक्क्यांनी वाढतो. जिथे वाहिन्या आधीच पूर्ण सैल झालेल्या आहेत तिथे वाढायला जागाच नसते. कधी कधी तर तिथला प्रवाह उलट घटतो, कारण शेजारच्यांनी पाणी ओढलेलं असतं. रिपोर्टमध्ये याला ‘स्टील’ लिहितात. म्हणजे चोरी. लोखंडाशी त्याचा संबंध नाही.

म्हणूनच दोन स्कॅन होतात, एक विश्रांतीचा आणि एक डायमॉक्सनंतरचा. काही ठिकाणी एकाच दिवशी, काही ठिकाणी दोन वेगळ्या दिवशी. विश्रांतीचा स्कॅन नॉर्मल आणि डायमॉक्सचा बिघडलेला, हा आमच्या दृष्टीने सगळ्यात बोलका रिपोर्ट.

ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतील, चेहरा गरम होईल, डोकं जरा दुखेल, लघवीला पळावं लागेल. हे अपेक्षित आहे. सल्फाची ॲलर्जी असेल तर मात्र आधी सांगा, ‘फॉर्मवर विचारलं नाही’ म्हणून गप्प बसू नका. ताजा झटका आला असेल तर पहिले काही दिवस ही टेस्ट टाळतात.

चहा बंद करायला का सांगता?

कॅफिन मेंदूच्या रक्तवाहिन्या आक्रसतं. चहा, कॉफी, कोला, तंबाखू, मिसरी, सिगारेट, दारू, सगळं डॉक्टर सांगतील तितका वेळ बंद. ‘अर्धाच कप घेतला’ हे आम्हाला सांगा, आम्ही रागावणार नाही. तारीख पुढे ढकलली तर चालते, चुकीचं चित्र चालत नाही. बीपीच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

सुई आधी टोचून अंधारात का बसवून ठेवता? बोलूही देत नाही.

कारण वर सांगितलं तेच : टोचण्याच्या क्षणी मेंदू जे करत असेल त्याचा ठसा उमटतो. डोळ्यांवर लख्ख ट्यूबलाइट असेल तर पाठीमागचा दृष्टीचा भाग जास्त उजळतो. म्हणून शिरेत नळी आधी घालून ठेवतो, दहा-पंधरा मिनिटं शांत बसू देतो, आणि मग पेशंटला कळणारही नाही अशा बेताने औषध सोडतो. एकदा एका आजोबांना औषध देताना त्यांच्या खिशातला मोबाइल मोठ्याने आरती गाऊ लागला. आजोबा हात काढून फोन शोधायला लागले, आणि आमचा त्या क्षणाचा ‘शांत मेंदू’ गेला. तेव्हापासून आम्ही मोबाइल बाहेर ठेवायला लावतो.

स्कॅन स्वतः अर्ध्या तासाचा. डोकं पट्ट्याने हलकं बांधतो, कॅमेरे डोक्याभोवती फिरतात. एमआरआयसारखा ठणठणाट नाही.

स्पेक्ट करायचा की पेट? पेट महाग आहे म्हणजे चांगला असेल.

पेट हाही किरणोत्सर्गी औषध टोचूनच होणारा स्कॅन, पण औषध आणि कॅमेरा वेगळा. महाग म्हणून चांगला असं नाही. रक्तप्रवाह आणि ऑक्सिजन मोजायचा असेल तर पेट सर्वांत अचूक हे खरं, पण त्यासाठी ऑक्सिजन-१५ लागतो आणि त्याचं अर्धायुष्य दोन मिनिटांचं आहे. तो तयार करणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, भिंतीपलीकडेच हवं. वाशीहून परळला टेंपोतून आणायची ती गोष्टच नाही. आपल्याकडे पेट म्हटलं की बहुतेक वेळा एफडीजी नावाची किरणोत्सर्गी साखर असते, त्यातल्या फ्लोरिनचं अर्धायुष्य ११० मिनिटं. मेंदू साखर किती वापरतो हे ते दाखवतं. स्मृतिभ्रंशाचा प्रकार ओळखायला ते उत्तम आहे, पण कॅरोटिड बंद असलेल्याची राखीव मोजायला नाही. त्यासाठी स्पेक्ट आणि डायमॉक्स हीच व्यवहार्य जोडी. सीटी परफ्यूजन (रक्तप्रवाह दाखवणारं सीटी) आणि इंजेक्शनशिवाय होणारी एमआरआयची एएसएल पद्धत यांनी आमचं बरंचसं काम काढून घेतलं आहे, आणि तातडीच्या वेळी ते योग्यच आहे.

राखीव कमी आहे असा रिपोर्ट आला. म्हणजे डोक्याची बायपास करायचीच ना?

या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असतं तर किती बरं झालं असतं.

गोष्ट १९६७ ची. झ्युरिचमध्ये शल्यचिकित्सक याशार्गिल यांनी कानशिलाजवळच्या धमनीची फांदी मेंदूच्या धमनीला जोडली. तर्क बिनतोड होता : रक्त कमी आहे ना, मग नवा पाइप टाका. अनेक देशांत ती शस्त्रक्रिया होऊ लागली. मग १९८५ मध्ये १,३७७ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा निकाल आला आणि फायदा दिसला नाही. शल्यचिकित्सकांचं म्हणणं, आणि ते रास्त होतं, की तुम्ही ज्यांना गरज आहे आणि ज्यांना नाही अशा सगळ्यांची एकत्र मोट बांधलीत. प्रवाह मोजलाच नाहीत.

१९९८ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या गटाने प्रवाह मोजला. कॅरोटिड बंद असलेले आणि लक्षणं येऊन गेलेले ८१ रुग्ण. पेटवर ज्यांचा मेंदू जास्त ऑक्सिजन ओढत होता अशा ३९ जणांपैकी १२ जणांना पुढे झटका आला. उरलेल्या ४२ पैकी तिघांनाच. म्हणजे स्कॅन धोका ओळखतो हे पक्कं झालं. आता फक्त अशाच लोकांची बायपास केली की झालं, असं सगळ्यांना वाटलं.

ती चाचणीही झाली, नाव कॉस. पेटने निवडलेले १९५ रुग्ण. २०११ मध्ये निकाल आला, त्याआधीच चाचणी थांबवावी लागली होती. दोन वर्षांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २१ टक्क्यांना आणि फक्त औषधांवर असलेल्यांपैकी २२.७ टक्क्यांना झटका. जवळपास सारखंच. बारकाईने बघितलं तर जोडलेला पाइप चालत होता, ऑक्सिजनची ओढाताणही कमी झाली होती. पण शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या ३० दिवसांतच १४.४ टक्क्यांना त्या बाजूचा झटका आला, औषधवाल्यांत २ टक्क्यांना. सुरुवातीलाच झालेलं हे नुकसान पुढचा फायदा भरून काढू शकला नाही. शिवाय औषधांवरचे लोक अपेक्षेपेक्षा चांगले राहिले.

म्हणून माझं मत, टेक्नॉलॉजिस्टचं मत म्हणून घ्या : रिपोर्ट धोका मोजतो, उपाय लिहून देत नाही. राखीव कमी आहे हे कळलं की डॉक्टर बीपी फार खाली आणत नाहीत, पाणी कमी पडू देत नाहीत, दुसऱ्या कुठल्या शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञांना सावध करतात. बायपास काही निवडक लोकांसाठीच उरते. एकादशीचा निर्जळी उपवास मात्र अशा माणसाने करू नये, हे मी दर आषाढात काउंटरवर सांगते.

माझ्या मुलीला मोयामोया आहे. ती आठ वर्षांची आहे. तिलाही हे करायचं?

मोयामोयाचं गणित वेगळं आहे. यात मेंदूच्या तळाशी कॅरोटिडची टोकं हळूहळू बंद होतात आणि भोवती बारीक वाहिन्यांचं जाळं तयार होतं. अँजिओत ते धुराच्या पुंजक्यासारखं दिसतं, म्हणून १९६९ मध्ये सुझुकी आणि ताकाकू यांनी हे जपानी नाव रूढ केलं. मुलं जोरात रडली, गरम सूप फुंकलं, बासरी वाजवली की त्यांचा हात लुळा पडतो. जोरजोरात श्वास सोडल्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि वाहिन्या आक्रसतात, डायमॉक्सच्या नेमकं उलट. या आजारात शस्त्रक्रियेचा उपयोग होतो, आणि कोणत्या बाजूची आधी करायची, नंतर प्रवाह सुधारला का, हे बघायला स्पेक्ट कामाचा असतो. मुलांना डोस वजनानुसार कमी देतात. ती घाबरून रडू नये हे इथे फार महत्त्वाचं, त्यामुळे तिची आवडती बाहुली आणा आणि सुईबद्दल खोटं बोलू नका.

झटका डाव्या मेंदूत आला, पण रिपोर्टमध्ये उजव्या लहान मेंदूतही रक्त कमी लिहिलंय. दुसरा झटका का?

नाही. याला क्रॉस्ड सेरेबेलर डायस्किसिस म्हणतात. गिरणी बंद पडली की समोरच्या खाणावळीतली गर्दी आटते, पण खाणावळ काही जळालेली नसते. डावा मोठा मेंदू उजव्या लहान मेंदूला सतत निरोप पाठवत असतो. ते थांबले की तिथलं काम कमी होतं, आणि कामाच्या मागे रक्तही. डायस्किसिस ही कल्पना न्यूरोलॉजिस्ट फॉन मोनाकोव्ह यांनी १९१४ मध्येच मांडली होती, हे चित्र दिसायला मात्र १९८० उजाडलं.

चित्रात सगळीकडे लाल दिसतंय. खूप खराब आहे का?

उलट. आमच्या बहुतेक रंगपट्ट्यांत लाल-पिवळं म्हणजे भरपूर रक्त, निळं-काळं म्हणजे कमी. रंग संगणकाने दिलेले असतात. आणखी एक मर्यादा सांगते, कारण ती रिपोर्टमध्ये क्वचितच लिहितात : स्पेक्ट नेहमीच्या पद्धतीत तुलना दाखवतो, मिलिलिटर नाही. एका बाजूची तुलना दुसऱ्या बाजूशी किंवा लहान मेंदूशी करतो. दोन्ही बाजूंना सारखंच कमी असेल तर चित्र गोड दिसू शकतं. दोन्ही कॅरोटिड बिघडलेल्यांत आणि मोयामोयात डॉक्टर म्हणूनच जास्त जपून वाचतात.

रिपोर्ट फसवतो असं होतं का?

होतं, आणि मुख्यतः तारखेमुळे. झटक्यानंतर पाचव्या दिवसापासून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत मेलेल्या भागातून गरज नसताना भरपूर रक्त वाहू शकतं. डेन्मार्कच्या लासेन यांनी १९६६ मध्ये याला ‘लक्झरी परफ्यूजन’ म्हटलं. त्या दिवसांत एचएमपीएओने स्कॅन केला तर तो भाग छान भरलेला दिसतो. ईसीडीला मात्र अडकण्यासाठी जिवंत पेशीतलं एन्झाइम लागतं, त्यामुळे तिथे तोच भाग रिकामा दिसू शकतो. एकच माणूस, एकच आठवडा, दोन औषधं, दोन चित्रं. म्हणून झटक्याची तारीख फॉर्मवर अंदाजाने लिहू नका.

आईला विसरायला होतं. लहान लहान झटके येऊन गेलेत. यात कळेल का?

मदत होते. अल्झायमरमध्ये डोक्याच्या मागच्या-वरच्या आणि कानाजवळच्या भागांत दोन्ही बाजूंना ठरावीक नक्षी दिसते. रक्तवाहिन्यांच्या आजारात ठिगळं लावल्यासारखं विखुरलेलं असतं. बऱ्याच ज्येष्ठांत दोन्ही मिसळलेलं असतं, तेव्हा एमआरआय शेजारी ठेवूनच वाचावं लागतं.

घरी तान्हा नातू आहे. त्याला जवळ घ्यायचं नाही का?

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मांडीवर घेऊन बसू नका, एवढंच. टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मं होतं, २४ तासांत सोळावा हिस्सा उरतो, शिवाय लघवीतून जातं ते वेगळं. पाणी भरपूर प्या, लघवी साठवू नका, फ्लश दोनदा करा. एका स्कॅनमध्ये अंगावर साधारण ७ ते ९ मिलिसिव्हर्ट किरण येतात. जगात सरासरी माणसाला जमिनीतून, हवेतून, अन्नातून वर्षाला साधारण २.४ मिळतात, म्हणजे तीन ते पावणेचार वर्षांचा वाटा. दोन स्कॅन असतील तर हिशेब वाढतो. हे किरकोळ नाही, पण कारण असेल तर घेण्यासारखं आहे. कारण नसताना ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून कोणी सांगत असेल, तर का, असं जरूर विचारा.

गरोदर असाल किंवा शंका असेल तर आत यायच्या आधी सांगा. अंगावर पाजत असाल तरीही सांगा, किती वेळ थांबायचं ते आम्ही सांगतो.

पेसमेकर आहे, डोक्यात क्लिप आहे. चालेल?

चालेल. इथे चुंबक नाही.

‘ब्रेन डेड’ सांगताना हाच स्कॅन करतात का?

करता येतो. मेंदूत रक्तच जात नसेल तर कवटीच्या आत पूर्ण काळं दिसतं आणि भोवती चेहऱ्याची, टाळूची कडा उजळ. ते चित्र एकदा पाहिलं की विसरत नाही. पण आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार डॉक्टरांचं पॅनेल खाटेजवळच्या तपासण्या सहा तासांच्या अंतराने दोनदा करून ठरवतं. स्कॅन झाला नाही म्हणजे काही लपवलं असं समजू नका.

सरकारी आरोग्य योजनेत बसतं का?

रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जा, रेशनकार्ड आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. तारीख घ्यायच्या आधी जा, नंतर नको.

रिपोर्ट मिळाला. सीडीचं काय करायचं? घरी तर कॉम्प्युटरही नाही.

फेकू नका, आणि कागदी रिपोर्टवर समाधान मानू नका. सहा महिन्यांनी, शस्त्रक्रियेनंतर पुन्हा स्कॅन झाला तर जुन्या आकड्यांशी, त्याच औषधाने, जमलं तर त्याच कॅमेऱ्यावर तुलना करावी लागते. पाकिटावर स्केचपेनने तारीख, औषधाचं नाव आणि डायमॉक्स दिलं होतं की नाही, एवढं लिहा. पाकीट देवघराच्या फळीवर ठेवू नका, तिथे समईची धग लागते. एका कुटुंबाने आणलेली सीडी पापडासारखी वाकली होती आणि मग सगळा स्कॅन नव्याने करावा लागला.